ट्रॅड जॅझच्या मंडळात करतात तरी काय? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या पठडीतल्या जॅझवर, म्हणजे ट्रॅडिशनल किंवा 'ट्रॅड' जॅझवर, आणि तो एकत्र बसून ऐकणाऱ्या रसिक मंडळांवर थोडं लिहिलं होतं, त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रं आली. सगळी घेता येणार नाहीत. ज्यात बोलण्यासारखं आहे ती घेतलीयेत आणि दोनतीन प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, ऑफिसातला मित्र दर महिन्याला ट्रॅडिशनल जॅझच्या मंडळात जातो, मलाही चल म्हणतोय. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. तिथे नक्की करतात काय? आणि कुणी मला काही विचारलं तर?

कुणी काही विचारत नाही हो. उलट नवा माणूस आला की मंडळी खूश होतात, कारण एकमेकांना तेच तेच किस्से सांगून सगळे कंटाळलेले असतात आणि आता नवा श्रोता सापडलेला असतो.

मुख्य कार्यक्रम म्हणजे रेकॉर्ड ऐकायची बैठक. एखादा सभासद एक विषय घेतो, कधी वादक, कधी एखादं साल, कधी नुसता बँजो, आणि त्यावरच्या रेकॉर्ड लावत मधेमधे बोलतो. ही पद्धत जुनी आहे. लंडनमध्ये १९३३ साली नंबर वन रिदम क्लब निघाला तिथे हेच चालायचं आणि साधारण त्याच सुमारास पॅरिसमध्ये हॉट क्लब द फ्रान्स उभा राहिला. तेव्हा रेकॉर्ड मिळायच्या मारामारीने, ज्याच्याकडे एखादी असेल तो ती घेऊन यायचा आणि बाकीचे भोवती बसायचे. आता सगळं फोनवर आहे तरी लोक जमतात, त्याचं कारण साधं आहे, फोनवर आपण तिसाव्या सेकंदाला पुढचं गाणं लावतो आणि बैठकीत तसं करता येत नाही, बसून ऐकावंच लागतं. शिवाय काही मंडळांचा स्वतःचा हौशी बँड असतो, कुठे पत्रिका निघते, कुठे रेकॉर्ड आणि पुस्तकं घरी न्यायला मिळतात.

पहिल्या दिवशी एकच करा. या संगीतात पुढे तीन वाद्यं असतात, कॉर्नेट किंवा ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन, आणि तिघं एकाच वेळी वेगवेगळं वाजवत असतात म्हणून नवख्याला नुसता गलबला वाटतो. कॉर्नेट मूळ चाल धरून असतो, क्लॅरिनेट त्याच्या वरून भराभर नक्षी काढत पळतो आणि ट्रॉम्बोन खालून लांब घसरत्या सुरांनी पोकळ्या भरतो. मागे बँजो, पियानो, ट्युबा किंवा डबल बास आणि ड्रम. तर एका अख्ख्या गाण्यात फक्त क्लॅरिनेटच्या मागे जा, बाकी सगळं सोडून द्या. मग तेच गाणं परत लावायला सांगा आणि या वेळी ट्रॉम्बोन धरा. लाजू नका, "परत लावा ना" म्हणणारा पाहुणा मंडळाला फार आवडतो, निदान मला तरी.

प्रश्न : पुढच्या महिन्याची बैठक माझ्या गळ्यात पडली आहे. दीड तास आहे. मी २८ रेकॉर्ड निवडल्या आहेत आणि प्रत्येकीची माहिती लिहून काढली आहे. अजून थोड्या घालू का?

अहो नको! निम्म्या करा, आणि त्या निम्म्यांच्या पुन्हा निम्म्या करता आल्या तर फारच बरं.

हिशोब बघा. दहा इंची ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. २८ म्हणजे नुसतं संगीतच ८४ मिनिटं, तुम्ही बोलणार कधी आणि बाकीचे बोलणार कधी? बैठकीत खरी गंमत रेकॉर्ड संपल्यावर येते, कुणीतरी म्हणतं तो मधला ब्रेक, म्हणजे बाकीचे क्षणभर थांबतात आणि एकटाच वाजवतो ना तो, कुणी घेतला, दुसरा म्हणतो मला तर तो दुसराच वाटला, मग परत लावायची. यादी गच्च असली की बोलणाऱ्याचा जीव घड्याळात अडकतो आणि तो म्हणतो "पुढे जाऊया", आणि तिथे बैठक मरते. मी तर म्हणेन दहा रेकॉर्ड, त्यातल्या तीन-चार दोनदा.

आणि माहिती वाचून दाखवू नका. वादकाची जन्मतारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, कान कुठे लावायचा ते सांगितलं तर राहतं. एक जोडणी सुचवते, हमखास चालते. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने एप्रिल १९२३ मध्ये जेनेट कंपनीसाठी 'डिपरमाउथ ब्लूज' रेकॉर्ड केलं, त्यात ऑलिव्हरचा कॉर्नेटवरचा तीन कोरसांचा (कोरस म्हणजे गाण्याचं एक पूर्ण आवर्तन) सोलो आहे, म्युट म्हणजे आवाज दाबायचं बूच लावून अक्षरशः बोलल्यासारखा वाजवलेला, आणि शेजारी दुसरा कॉर्नेट घेऊन उभा होता २१ वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग. दोन वर्षांनी, १९२५ ला, आर्मस्ट्राँग न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये असताना तेच गाणं 'शुगर फूट स्टॉम्प' नावाने निघालं आणि त्यात आर्मस्ट्राँग गुरूचाच सोलो वाजवतो, पण म्हणून ते ऑलिव्हरसारखं वाजतं का? ते लोकांना विचारा आणि गप्प बसा. मग ऑलिव्हरने स्वतः डिक्सी सिंकोपेटर्स या नव्या, मोठ्या बँडबरोबर १९२६ ला परत रेकॉर्ड केलेलं लावा. एकच सोलो, तीन बँड, मिळून नऊ-दहा मिनिटांचं संगीत आणि त्यावर पाऊण तास सहज निघतो. काही बोलायला सुचलं नाही तर पहिल्या रेकॉर्डमध्ये सोलो संपताना कुणीतरी जी आरोळी ठोकतं ना, ती ऐकवा, माणसं आपोआप मोकळी होतात.

उरलेल्या अठरा रेकॉर्ड फुकट जात नाहीत. पुढच्या वर्षी परत तुमच्याच गळ्यात पडणार आहे हे, लिहून ठेवा.

प्रश्न : खरं सांगू का, १९२३च्या वगैरे रेकॉर्ड मला ऐकवत नाहीत. खरखर, ड्रम गायब, सगळं डब्यातून आल्यासारखं. मंडळातले लोक मात्र डोळे मिटून माना हलवतात. हे ढोंग आहे का?

थोडं असतं. सगळंच नाही.

१९२५ पर्यंत मायक्रोफोन नव्हताच. सगळा बँड एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहायचा, त्या कर्ण्यातून आवाज जाऊन एक सुई हलायची आणि ती मेणाच्या चकतीवर रेघ कोरायची, वीज कुठेच नाही. आवाज कमी-जास्त करायचं बटणही नाही, माणसंच पुढे-मागे उभी करायची. लिल हार्डिन, ऑलिव्हरच्या बँडची पियानिस्ट आणि पुढे आर्मस्ट्राँगची बायको, तिच्या आठवणीत आहे की आर्मस्ट्राँगचा आवाज एवढा मोठा की त्याला बाकीच्यांपासून बराच मागे उभं केलं होतं. ड्रमचा दणका बसला की सुई उडायची, म्हणून ऑलिव्हरच्या बँडमधला बेबी डॉड्ससारखा ड्रमर त्या रेकॉर्डांत बहुतेक लाकडी ठोकळ्यांवरच ऐकू येतो, टक टक टक. त्यावरून तो बँड प्रत्यक्षात असाच वाजत असेल असं समजू नका. शिवाय जेनेटचा स्टुडिओ होता अमेरिकेत इंडियानातल्या रिचमंड गावी, रेल्वेच्या रुळांला लागून, गाडी आली की थांबायचं.

तेव्हा तुम्ही सुरुवात १९२३ पासून करूच नका. जेली रोल मॉर्टनच्या रेड हॉट पेपर्सने १९२६ मध्ये व्हिक्टर कंपनीत केलेली रेकॉर्डिंग्ज ऐका, ती मायक्रोफोनवर झालेली आहेत, डबल बास स्पष्ट ऐकू येतो, झांजा ऐकू येतात आणि मॉर्टनने प्रत्येक वाद्याला कुठे मोकळं सोडायचं आणि कुठे आवरायचं हे इतकं बारकाईने बसवलंय की आजही बँडवाले डोकं खाजवतात. मग १९२८ चं आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज'. सुरुवातीला तो एकटा ट्रम्पेट वाजवतो तेवढे बारा-तेरा सेकंद ऐका आणि मला कळवा. तिथून मग हळूहळू मागे १९२३ ला या, कानाला तोपर्यंत कुठे काय असायला हवं ते माहीत झालेलं असतं आणि खरखरीच्या मागचं तो स्वतःच शोधतो. त्यानंतरही नाही आवडलं तर नाही आवडलं, मान हलवायची सक्ती नाहीये.

प्रश्न : आमच्या मंडळात सरळ दोन तट पडलेत. एक गट म्हणतो सॅक्सोफोन आला की ट्रॅड संपला. दुसरा म्हणतो स्विंगपर्यंत, म्हणजे १९३० च्या दशकातल्या मोठ्या बँडांच्या नाचाच्या जॅझपर्यंत, सगळं चालेल. मीटिंगमध्ये आवाज चढतात. तुमचं मत?

हे भांडण तुमच्या मंडळाने शोधलेलं नाही, ते ऐंशी वर्षं चालू आहे. १९५३ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये ट्रम्पेटवाला हंफ्री लिटल्टन आपला बँड घेऊन आला, बँडमध्ये ब्रूस टर्नर नावाचा आल्टो सॅक्सोफोनवाला नवा घेतलेला, तर श्रोत्यांनी फलक फडकवला, "घाणेरड्या बॉपर, घरी जा"! बॉप म्हणजे १९४० च्या दशकात निघालेला नवा जॅझ, आणि टर्नर काही तो वाजवत नव्हता बरं का.

सॅक्सोफोन नको म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, सिडनी बेशेचं काय करायचं? न्यू ऑर्लिन्सचा, आर्मस्ट्राँगच्याही आधीच्या फळीतला, सुरुवात क्लॅरिनेटवर, पण पुढे आयुष्यभर मुख्यतः सोप्रानो सॅक्सोफोन वाजवला. त्याला बाहेर काढून ट्रॅडिशनल जॅझची बैठक करायची म्हणजे कमाल आहे.

दुसरं उदाहरण बंक जॉन्सनचं. १९३० च्या दशकाच्या शेवटी काही जॅझवेड्यांनी लुइझियानात या म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याला शोधून काढलं, दात पडल्यामुळे त्याचं वाजवणं बंद झालं होतं, त्याला नवे दात करून दिले (ते बनवणारा डेंटिस्ट म्हणजे सिडनी बेशेचा सख्खा भाऊ लेनर्ड) आणि १९४२ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड झाली. चाहत्यांना तो शुद्ध जुन्या काळाचा हवा होता. पण १९४७ मध्ये त्याला स्वतःच्या पसंतीने वादक आणि गाणी निवडायला मिळाली तेव्हा त्याने जुन्या रॅगटाइमच्या जोडीला सरळ लोकप्रिय नाचाची गाणी घेतली आणि नोटेशन वाचून वाजवणारे तयार वादक घेतले. शुद्धतेचं ओझं वादकांपेक्षा रसिकांच्याच डोक्यावर जास्त होतं असं दिसतं.

मत विचारलंत म्हणून सांगते, सीमा वाद्यावर ठरवू नका, वाजवण्यावर ठरवा. पुढची तीन वाद्यं वाजवणारे एकत्र, एकमेकांना ऐकत, जागच्या जागी रचत वाजवतायत का? तर तो तुमचा विषय. मोठ्या बँडमध्ये सगळं कागदावर लिहिलेलं असेल तर तो वेगळा विषय, चांगला आहे पण वेगळा. वर्षातून एक बैठक "सीमेवरचे" म्हणून ठेवा आणि तिथे मनसोक्त भांडा. बाकीच्या बैठकांत संगीत लावा.

प्रश्न : मावशी, मी १६ वर्षांची आहे, क्लॅरिनेट शिकतेय, नोटेशन वाचून नीट वाजवता येतं. बाबांच्या मंडळात कार्यक्रमानंतर जॅम असतो, म्हणजे जमलेले सगळे आयत्या वेळी मिळून वाजवतात, मला वाजव म्हणतात पण समोर कागद नसला की माझे हातपाय गार पडतात.

कागद नसला की सगळ्यांचेच पडतात गं, नोटेशन वाचणाऱ्यांचे जरा जास्त. त्यावर उपाय आहे.

पहिलं म्हणजे एकच गाणं निवड. त्याची चाल पाठ कर, इतकी की भांडी घासताना गुणगुणता आली पाहिजे. ट्रॅड बँड बहुतेक एफ, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट या पट्ट्यांत वाजवतात, आणि तुझी क्लॅरिनेट बी फ्लॅटची असणार, म्हणजे ते बी फ्लॅट म्हणाले की तुझं सी, एफ म्हणाले की जी, ई फ्लॅट म्हणाले की एफ. एवढं तोंडपाठ कर म्हणजे निम्मी घाबरगुंडी तिथेच संपते. दुसरं, बारा मात्राखंडांचा ब्लूज, म्हणजे बारा बारचा, त्यात मुळात तीनच कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) असतात. त्या तीन कॉर्डचे सूर वरखाली करत रोज थोडा वेळ वाजव, चाल नाही, नुसते कॉर्डचे सूर, आणि कुठल्या बारला कॉर्ड बदलते ते बोटांना कळू दे.

जॅममध्ये सगळे एकत्र वाजवत असताना तू ट्रम्पेटची चाल वाजवू नकोस, ती त्याची. तू वर राहा. आणि तो श्वास घ्यायला थांबतो ना, तिथे बोल, तो बोलत असताना लांब सूर धरून ठेवलास तरी चालेल. जुगलबंदीत समोरच्याची ओळ संपायची वाट बघतात तसंच. पहिल्यांदा सोलो नको असेल तर तुझ्याकडे बघितल्यावर मान हलव, कुणी रागवत नाही. लीडरने स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवलं की परत पहिल्यापासून चाल घ्यायची. आणि शेवटी सगळं थांबलं आणि ड्रमवाला एकटाच चार बार वाजवायला लागला तर क्लॅरिनेट खाली ठेवू नकोस, त्यानंतर बऱ्याचदा शेवटच्या ओळी परत घेतात, तिथे नवखी माणसं हमखास फसतात.

ऐकायला जॉनी डॉड्स आणि जॉर्ज लुईस, दोघे न्यू ऑर्लिन्सचे क्लॅरिनेटवाले. डॉड्स खरखरीत, लुईस साधा आणि गोड. लुईसचं आधी उतरवून काढ, सोपं वाटेल, वाजवायला घेतलंस की कळेल.

प्रश्न : मी टाळ्या वाजवते तेव्हा नवरा डोळे वटारतो. कुठे वाजवायच्या?

एक-दोन-तीन-चार. दोनवर आणि चारवर. पाय एक आणि तीनवर आपटा, हात आपोआप बरोबर पडतील. आणि सोलो संपल्यावर टाळ्या देतात, सोलो चालू असताना नाही. नवऱ्यालाही सांगा की डोळे वटारणं कुठल्याच मात्रेवर बसत नाही.

प्रश्न : बँड आला की लोक दर वेळी तेच संतांचं गाणं, 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन', मागतात. आम्हा जुन्या सभासदांना आता नकोसं झालंय. नाही म्हणणं उद्धटपणा होईल का?

न्यू ऑर्लिन्सच्या प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये, १९६१ पासून चालू असलेली जागा, फर्माइशीच्या दरांची पाटी असायची आणि तिच्यावर या एका गाण्याचा दर बाकीच्यांपेक्षा जास्त लावलेला असायचा. तसं करा.

प्रश्न : आमच्याकडे सगळे साठीच्या पुढचे. तरुण येतात, एकदा बसतात आणि परत दिसत नाहीत. शिवाय मंडळातले एक ज्येष्ठ सभासद नुकतेच गेले, घरच्यांनी त्यांच्या शेकडो ७८ च्या रेकॉर्ड "तुम्हीच न्या" म्हणून देऊ केल्यात. एवढ्या रेकॉर्डचं करायचं काय?

दोन प्रश्न आहेत, तरुणांचं आधी. हे संगीत मुळात खुर्चीत बसून ऐकायचं नव्हतंच. नाचाचे हॉल, मिरवणुका, अंत्ययात्रा, जाताना संथ आणि परत येताना उडतं, आणि मागून नाचत येणारे लोक. आजही चार्ल्स्टन आणि लिंडी हॉप नाचणारी तरुण मुलं बऱ्याच शहरांत आहेत आणि त्यांना चांगला बँड हवाच असतो. त्यांना बोलवा, खुर्च्या बाजूला सारा. आणि दुसरं म्हणजे त्यांना एक बैठक पूर्ण सोपवून द्या, विषय त्यांचा, रेकॉर्ड त्यांच्या. मधे टोकायचं नाही. आमच्या वयाच्या लोकांना यातलं शेवटचं फार अवघड जातं, मला माहितीय. पण पॅरिसचा तो पहिला क्लब काढणारी पोरं विशीतलीच होती हो, कुणी ज्येष्ठ वगैरे नव्हतं.

आता रेकॉर्ड. न्यायच्या आधी एक काम करा, कपाटातल्या जशाच्या तशा रांगांचे फोटो काढा. संग्राहकाने कुठली रेकॉर्ड कुठल्या रेकॉर्डशेजारी ठेवली होती ती पण माहितीच असते आणि एकदा खोक्यात भरलं की ती गेली. मग यादी. लेबल, क्रमांक, बँडचं नाव आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात किंवा लेबलवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर. हा शेवटचा महत्त्वाचा, त्यावरून रेकॉर्डिंग नक्की कुठलं आणि बऱ्याचदा कितवा टेक, म्हणजे त्याच गाण्याचं कितव्या वेळचं रेकॉर्डिंग, तेही कळतं. शार्ल दलोनेने १९३६ मध्ये पॅरिसमध्ये जॅझची पहिली मोठी डिस्कोग्राफी, म्हणजे रेकॉर्डांची तपशीलवार सूची, छापली तेव्हापासून रसिकांनी हेच किचकट काम केलंय, कोण वाजवतंय याचा शोध घेत. आता कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठाचा अमेरिकन रेकॉर्डिंग्जचा ऑनलाइन डेटाबेस आहे, नंबर टाकून बघता येतं. हे काम तरुणांना द्या, ते भराभर करतात आणि त्यांना त्यात मजा येते असा माझा अनुभव आहे.

पुसायला स्पिरिट किंवा अल्कोहोलचं काहीही वापरू नका! या रेकॉर्ड शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. डिस्टिल्ड पाणी, अगदी थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड, लेबल ओलं करायचं नाही, नीट वाळवायचं. उभ्या ठेवा, एकावर एक थप्पी लावू नका, त्या ठिसूळ असतात. आणि एलपीची (नंतरच्या काळातल्या बारीक खाचांच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डची) सुई लावून वाजवू नका, ती फार बारीक असते, ७८ ला तिच्यापेक्षा जवळपास तिप्पट रुंद टोकाची सुई लागते, नाहीतर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि तुम्ही म्हणता रेकॉर्डच खराब आहे.

बहुतेक रेकॉर्ड सर्रास मिळणाऱ्या निघतील, त्याने नाराज होऊ नका, दोन प्रती असतील त्या सभासदांत वाटून टाका. दुर्मिळ वाटतील त्या एखाद्या विद्यापीठाच्या किंवा संग्रहालयाच्या संगीत विभागाला आधी विचारून मगच द्या, न विचारता खोकी नेऊन टाकली तर ती तळघरात जातात.

आणि एक गोष्ट याच महिन्यात सुरू करा. तुमच्यात जे अजून आहेत त्यांना समोर बसवून बोलतं करा, फोनचा रेकॉर्डर पुरतो. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात १९५८ पासून जॅझचा संग्रह उभा राहिला तो जुन्या वादकांच्या अशाच टेपवरच्या मुलाखतींतून. "पहिली रेकॉर्ड कुठली ऐकलीत?" इथून सुरुवात करा, आणि हाताशी तीच रेकॉर्ड लावून ठेवा.